‘कारागिराचे घर’ : वऱ्हाडातील वाड्याच्या संदर्भात एका संज्ञेची चिकित्सा

‘कारागिराचे घर’ या शब्दप्रयोगातील षष्ठी विभक्ती दोन अर्थ देते. कारागिराने बांधलेले घर हा एक अर्थ आणि कारागीर ज्यात राहतो ते घर हा दुसरा. व्यवहारात ही दोन घरे क्वचितच एक असतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत जी गृहरचना ‘क्राफ्ट्समन शैली’ या नावाने प्रसिद्धीस आली, तिचे सामर्थ्य आणि तिची विसंगती या दोन्हींचे मूळ या दोन अर्थांच्या गल्लतीत आहे. वऱ्हाडातील जुन्या वाड्यांकडे पाहणाऱ्या अभ्यासकाला ही संज्ञा आज आकर्षक वाटू लागली आहे. उघडे सागवानी खांब, दिसणारी तुळई, हाताने घडविलेली चौकट यांचे वर्णन करताना ती सहज लेखणीवर येते. परंतु संज्ञा उसनी घेताना तिच्यातील प्रश्नही उसना घ्यावा लागतो. तो प्रश्न वऱ्हाडच्या संदर्भात मांडला असता काय निष्पन्न होते, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

या शैलीला नाव देणारे गुस्ताव स्टिकली (१८५८–१९४२) हे विस्कॉन्सिनमधील एका पाथरवटाचे पुत्र. ऐन उमेदीच्या वयात त्यांनी दगडकामाचे कष्ट उपसले आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे फर्निचरचा कारखाना चालविला. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्यांनी ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक सुरू केले. पहिला अंक विल्यम मॉरिस यांच्यावर व दुसरा जॉन रस्किन यांच्यावर होता. यावरून त्यांची वैचारिक वंशावळ स्पष्ट होते. यंत्रयुगात श्रमातील आनंद नष्ट झाला, आणि तो परत आणावयाचा तर वस्तूची घडण प्रामाणिक असली पाहिजे, तिचा सांधा लपविता कामा नये, लाकडाने लाकडासारखेच दिसले पाहिजे, हे या परंपरेचे सूत्र. मासिकातून दोनशेहून अधिक घरांचे आराखडे प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाने त्यांवरून आपले घर स्वतः उभारावे, अशी त्यामागची कल्पना होती. येथे वर सांगितलेले दोन्ही अर्थ एकत्र येऊ पाहतात. बांधणारा आणि राहणारा एकच व्हावा, हे या शैलीचे स्वप्न होते.

स्वप्नाची कसोटी लागली ती स्टिकलींच्या स्वतःच्या घरात. १९०८ पासून त्यांनी न्यू जर्सीत मॉरिस प्लेन्सजवळ जमीन घेतली. मुलांनी शेती आणि हस्तव्यवसाय शिकावा, अशी शाळा तेथे काढण्याचा त्यांचा मानस होता. सहाशे एकरांहून मोठ्या या मालमत्तेवर त्याच जमिनीतील चेस्टनटच्या ओंडक्यांचे आणि शेतातून वेचलेल्या दगडांचे एक मोठे घर १९११ पर्यंत उभे राहिले. मुळात ते समाईक वापरासाठी योजिलेले होते; शाळा निघाली नाही आणि ते मालकाचे निवासस्थान झाले. १९१५ मध्ये स्टिकलींचे दिवाळे निघाले, १९१६ अखेर मासिक बंद पडले आणि १९१७ मध्ये मालमत्ता विकली गेली. श्रमिकाच्या साध्या घराचा पुरस्कार करणारा विचार आपल्या सर्वांत परिपूर्ण रूपात एका जमीनदारी निवासातच अवतरला, हा या इतिहासाचा निष्कर्ष टाळता येत नाही. पॅसाडीना येथील गॅम्बल गृह (१९०८–०९) त्याहून बोलके आहे. चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या बंधूंनी रचलेले आणि पीटर व जॉन हॉल या बंधूंच्या हाताखाली ज्याचे काष्ठकाम झाले ते हे घर या शैलीचा उत्कर्षबिंदू मानले जाते. ते बांधवून घेणारे डेव्हिड गॅम्बल हे साबणाच्या प्रचंड कारखानदारीचे भागीदार होते. यंत्राने मिळविलेल्या धनावर हस्तकौशल्याची ही पूजा झाली.

या विसंगतीमुळे शैलीचे कलात्मक मूल्य कमी होत नाही. मात्र तिचे वर्णन करणाऱ्याची जबाबदारी वाढते. ही घरे कोणत्या विचाराने बांधली एवढे सांगून भागत नाही. कोणाच्या पैशाने, कोणाच्या हातांनी आणि कोठल्या लाकडातून बांधली, हेही सांगावे लागते. गॅम्बल गृहाच्या प्रवेशदालनात ब्रह्मदेशी साग वापरला आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेश जिंकला, त्या युद्धाच्या निमित्तांपैकी एक म्हणजे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या लाकूड तोडणाऱ्या कंपनीचा ब्रह्मी दरबाराशी झालेला तंटा. या घराचा साग त्याच कंपनीचा होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ‘लाकडाचा प्रामाणिकपणा’ हे तत्त्व लाकूड कोठून आले या प्रश्नापाशी मौन धारण करते, एवढे निश्चित.

आता ‘बंगला’ या शब्दाकडे वळावे. क्राफ्ट्समन शैलीच्या लहान घरांना अमेरिकेत सर्रास ‘बंगलो’ म्हणतात. बंगालमधील ग्रामीण घरावरून पडलेले हे नाव सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या व्यवहारात आले, लष्करी छावण्यांत आणि मुलकी ठाण्यांत रुजले, १८७० च्या सुमारास इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर पोचले आणि १८८० नंतर अमेरिकेत गेले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आल्यावर अमरावती व अकोला येथेही हे साहेबी घर अवतरले. अमरावतीच्या तटबंदीबाहेरील ‘कॅम्प’ या वस्तीचे नावच त्याची साक्ष देते. उंच जोते, भोवताली व्हरांडा, मोठे आवार, मुख्य इमारतीपासून अलग ठेवलेले स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या हा त्याचा साचा. यावरून, ‘क्राफ्ट्समन बंगलो मूळचा आपलाच’ असा अभिमान बाळगण्याचा मोह होतो. तो निराधार आहे. जे परदेशी गेले ते मुख्यतः नाव आणि व्हरांड्याची कल्पना. आणि वऱ्हाडात आलेला बंगला वऱ्हाडी घरातून उत्क्रांत झालेला नव्हता. तो अधिकाऱ्याबरोबर आला आणि गावापासून अंतर राखून उभा राहिला.

तुलना करावयाची तर ती वऱ्हाडी वाड्याशीच केली पाहिजे. या प्रदेशात जमिनीचे दोन भाग लोकभाषेनेच केले आहेत : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद केवळ महसुली नाही. कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर ताठर भिंत टिकत नाही. म्हणून गाव पांढरीवर बसते, आणि वाड्याचा भार भिंतीवर न टाकता लाकडी सांगाड्यावर टाकलेला असतो. घडीव दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट आणि त्यावर मातीचा जाड थर अशी ही मांडणी. खुंटी मारून केलेला लाकडाचा सांधा किंचित हलू शकतो, त्यामुळे जमीन हलली तरी घर तडकत नाही. मातीचे धाबे वैशाखातील उन्हाची धग दिवसभर अडवून धरते. अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा या थराचे मोल कळते. त्याची किंमत म्हणजे दर वर्षी पावसाळ्यापूर्वी करावी लागणारी डागडुजी. जेथे कवेलूंचे छप्पर आहे तेथे ती फेरावी लागतात. घर एकदा बांधून संपत नाही. ते वर्षानुवर्षे पुन्हा बांधले जाते. त्याच्या कर्त्याचे नाव एक नसण्याचे हेही एक कारण आहे.

येथे पहिला महत्त्वाचा भेद दिसतो. स्टिकलींच्या घरात सांधा उघडा ठेवणे ही निवड होती. यंत्राने केलेल्या खोट्या नक्षीच्या विरोधात ते एक विधान होते. वाड्यातील सांधा उघडा आहे, कारण तो झाकण्याची कल्पनाच त्या बांधणीत नव्हती आणि दुरुस्तीसाठी तो हाताशी असणे आवश्यक होते. एकसारख्या दिसणाऱ्या दोन तुळयांपैकी एक मत मांडते आणि दुसरी केवळ आपले काम करते. रूपसाम्यावरून आशयसाम्य काढणारी समीक्षा या ठिकाणी फसते. दुसरा भेद घराच्या मध्याचा. क्राफ्ट्समन घराचे हृदय म्हणजे शेकोटी. तिच्याभोवती सारे कुटुंब एका दालनात एकत्र यावे अशी योजना. वाड्याचे हृदय म्हणजे चौक. तो उघड्या आकाशाचा आहे आणि त्याच्याभोवती ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर अशा पायऱ्यांनी प्रवेशाचा अधिकार कमी कमी होत जातो. एक घर एकत्र आणण्यासाठी रचले आहे, दुसरे कोणी कोठपर्यंत यावे हे ठरविण्यासाठी.

हा दुसरा भेद कारागिराच्या प्रश्नाशी थेट भिडतो. १९०९ मध्ये आनंद कुमारस्वामी यांचे ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ हे पुस्तक इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्याला सी. आर. ॲशबी यांची प्रस्तावना होती. त्यांनीच स्थापन केलेला कारागीर-संघ तेव्हा नुकताच मोडकळीस आला होता. इंग्लंडमध्ये जे साधले नाही ते हिंदुस्थानच्या खेड्यात अजून जिवंत आहे, हा या पुस्तकामागचा दिलासा होता. खेड्यातील सुतार-लोहारांना वतनाने आणि धान्याच्या वाट्याने स्थैर्य लाभते, बाजाराची चिंता नसल्याने त्यांचे काम शुद्ध राहते, असे चित्र त्यात उभे राहते. सहाच वर्षांनी, १९१५ मध्ये, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला. आत्रे यांचे निरीक्षण मुंबई इलाख्यातील मराठी खेड्यांचे आहे, वऱ्हाडचे नव्हे. तथापि बलुत्याची व्यवस्था दोहोंकडे एकाच घडणीची असल्याने त्यांचे म्हणणे येथे लागू पडते. कुमारस्वामींना जेथे स्थैर्य दिसले तेथे आत्रे यांना अडकणूक दिसली. वतनामुळे कामाची चुरस उरत नाही, कुणबी आणि बलुतेदार दोघेही एकमेकांवर असंतुष्ट राहतात, आणि कसब वाढण्यास कारणच उरत नाही, असा त्यांचा रोख आहे. दोन्ही पुस्तकांची भाषा, वाचक आणि हेतू भिन्न आहेत. पण वाड्याच्या अभ्यासकाने ती शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. पहिले एकटे वाचले तर वाडा हे श्रमाच्या आनंदाचे स्मारक ठरते. दुसरे एकटे वाचले तर त्यातील उत्तम कारागिरीचा उलगडाच होत नाही.

आणि दोन्ही पुस्तकांपलीकडे एक वस्तुस्थिती उरते. वाड्यासाठी ज्यांनी दगडमाती वाहिली त्यांतील अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना वाडा उभा राहिल्यावर त्याच्या ओसरीवरही स्थान नव्हते. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा उंबरठा ही वऱ्हाडात केवळ लाकडाची वस्तू नव्हती हे सर्वांच्या प्रत्ययास आले. ‘बांधणारा तोच राहणारा’ हे स्टिकलींचे स्वप्न न्यू जर्सीत पैशाच्या अडचणीत सापडले. वऱ्हाडात ते स्वप्न म्हणूनही मांडले जाणे शक्य नव्हते.

मग या घरांचा इतिहास कसा लिहिला गेला? योगायोग असा की, ज्या १९११ साली स्टिकलींचे ओंडक्यांचे घर नांदते झाले त्याच साली अमरावती जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. अकोल्याचे त्याच्या आदल्या वर्षी, १९१० मध्ये. महसुली कारभारासाठी तयार झालेल्या या ग्रंथांचा साचाच असा की त्यात सुतार दोन ठिकाणी येतो : जातींच्या प्रकरणात जात म्हणून आणि मजुरीच्या प्रकरणात दर म्हणून. घरांचे वर्णन येते ते तिसऱ्याच ठिकाणी, लोकांच्या राहणीच्या संदर्भात. हात, मोल आणि वस्तू या तिहींची अशी फारकत झाल्यावर ‘हे घर कोणी घडविले’ हा प्रश्न विचारण्यास जागाच उरत नाही. यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ (१९२४) हा स्वदेशी दृष्टीने लिहिलेला मोलाचा ग्रंथ. पण त्याचा भर राजकीय घडामोडींवर असल्याने ही उणीव त्याने भरून निघणे अपेक्षितच नव्हते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अमरावतीचा खापर्डे वाडा. गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे नामांकित वकील, लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी आणि १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीस भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष. त्यांच्या वाड्याची कीर्ती तेथे कोण आले, कोण राहिले, कोणत्या मसलती झाल्या यांवर उभी आहे. वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाचा तो एक दरबारच होता, आणि त्या दृष्टीने ही कीर्ती सर्वस्वी रास्त आहे. परंतु ती वास्तूची कीर्ती नव्हे, अतिथींची आहे. खापर्डे यांनी दीर्घकाळ इंग्रजीत लिहिलेल्या दैनंदिन्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचल्या आणि त्यांतील भेटीगाठींचा उपयोग टिळकपर्वाच्या आणि शिर्डीच्या साईबाबांच्या चरित्रकारांनी केला. मात्र एखाद्या नेत्याच्या दैनंदिनीत घरदुरुस्ती, मजुरी, लाकूड, गवंडी यांच्याविषयी काय येते या दृष्टीने वाचन करण्याची प्रथा मराठी संशोधनात रूढ झालेली नाही. साधन असूनही प्रश्न नसला तर साधन मुके राहते.

ललित साहित्याने ही उणीव कितपत भरून काढली, हा पुढचा प्रश्न. पारवा या वऱ्हाडातील गावी जन्मलेले महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे नाटक वऱ्हाडी जमीनदारी घराच्या ऱ्हासाचे मराठीतील सर्वांत समर्थ चित्र होय. धरणगावकर देशपांडे कुटुंबातील कर्त्याच्या मृत्यूनंतर तेराव्याच्या खर्चाचा पेच, जमिनीवरचा हरवलेला ताबा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर यांतून एका वर्गाचा अंत साकारतो. येथे वाडा हे पात्रच आहे. पण ते मालकांच्या स्मृतीचे आणि अपराधभावाचे पात्र आहे. तो कोणाच्या हातांनी उभा राहिला याची आठवण त्यातील कोणा पात्राला प्रकर्षाने छळत नाही. आणि नाटककाराचे हे मौन यथार्थ आहे, कारण त्या वर्गाला ती आठवण नसणे हाच त्याच्या ऱ्हासाचा एक भाग आहे. तरीही नाटकाच्या नावाने एक साक्ष जपली आहे. ‘चिरेबंदी’ हा शब्द पाथरवटाच्या कामाचा आहे. घडीव चिऱ्यांनी बांधलेले ते चिरेबंदी. नावात कारागिराचा शब्द आणि आत मालकाची व्यथा, ही रचना वऱ्हाडी वाड्याच्या साऱ्या इतिहासाचे सार सांगते.

दुसऱ्या अर्थाचे ‘कारागिराचे घर’ मराठी साहित्यात पाहावयाचे तर उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीकडे वळावे लागते. अमरावती जिल्ह्यातील या लेखकाने कौतिक आणि तिचा नवरा महादेव या शिंपी कुटुंबाची कहाणी वऱ्हाडी बोलीत सांगितली. येथे कसब आहे, परंतु ते पोटाला पुरत नाही. आणि घर उभे ठेवण्याचे सारे ओझे कौतिकवर येऊन पडते. श्रमातील आनंद ही कल्पना या कादंबरीपुढे ठेवली म्हणजे तिची मर्यादा स्पष्ट होते. ‘वाडा चिरेबंदी’ आणि ‘धग’ या दोन कृती दोन भिन्न वाङ्मयप्रकारांतील आणि पाव शतकाच्या अंतरावरील आहेत, म्हणून त्यांची तुलना सहसा होत नाही. पण एकाच प्रदेशातील घर नावाच्या वस्तूची ही दोन टोके आहेत, आणि वाड्याचा इतिहास या दोहोंमधील अंतराचा इतिहास आहे.

यावरून समीक्षेच्या दृष्टीने काही निकष हाती येतात. वऱ्हाडातील वाड्याला ‘क्राफ्ट्समन शैली’ हे नाव देणे अयोग्य आहे. ते नाव ज्या वादातून जन्मले तो वाद येथे झालेला नाही. परंतु त्या शैलीने प्रचलित केलेला प्रश्न, म्हणजे वस्तू पाहताना तिच्या घडणीकडे आणि घडविणाऱ्याकडे पाहावे, हा वऱ्हाडच्या इतिहासलेखनाने अवश्य स्वीकारावा. तो स्वीकारताना त्यातील भाबडेपणा गाळून टाकावा. सुंदर सांधा म्हणजे सुखी सुतार असे समीकरण न्यू जर्सीतही खरे नव्हते आणि अचलपुरातही नव्हते. वाड्याचे मूल्यमापन अतिथींच्या नामावळीवरून न करता त्याच्या बांधणीवरून करावे. आणि बांधणीचे मूल्यमापन करताना तिच्यामागील देण्याघेण्याचे, अधिकाराचे आणि उंबरठ्याचे नियम लपवू नयेत.

या प्रश्नाला निकड आहे. न्यू जर्सीतील ती मालमत्ता १९८९ मध्ये नवी घरे बांधण्यासाठी जाण्याच्या बेतात असताना तेथील नगरशासनाने ती ताब्यात घेतली आणि १९९० मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. गॅम्बल गृह त्यापूर्वीच, १९६६ मध्ये, पॅसाडीना नगराला मिळाले होते. ही घरे वाचली त्याचे एक कारण असे की त्यांच्याविषयी लिहिलेले पुष्कळ होते : आराखडे होते, मासिकाचे अंक होते, काष्ठकाम करणाऱ्यांची नावे होती. वाडा ज्यांनी घडविला त्यांनी आपले ज्ञान कागदावर ठेवले नाही. ते हातात आणि बोलीत राहिले. म्हणून तेथे वास्तू पडते तेव्हा तिच्याबरोबर तिचा दस्तऐवजही पडतो. खांब जुन्या लाकडाच्या बाजारात जातो, चौकट दुसऱ्या शहरातील एखाद्या उपाहारगृहाची शोभा होते, आणि तळखडा जागीच गाडला जातो.

विद्यापीठीय संशोधनापुढील काम यातून आपोआप ठरते. उभ्या असलेल्या वाड्यांची मोजमापे व रेखाटने, सुतार-गवंडी-लोहारांच्या बोलीतील व्यवसायशब्दांचा कोश, आणि खासगी दप्तरांतील बांधकामाच्या हिशेबांचे वाचन ही तीन कामे भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र या विभागांनी मिळून करण्याजोगी आहेत. त्यांना मोठा खर्च लागत नाही. कागदावरचा प्रश्न बदलावा लागतो. ज्या घराला ‘कारागिराचे’ म्हणावयाचे त्याच्या कारागिराचे नाव, निदान त्याचा शब्द, सांगता आला पाहिजे. तोवर ती संज्ञा वऱ्हाडच्या बाबतीत वापरणे म्हणजे मालकाच्याच दारावर दुसरी पाटी लावणे होय.